तीन फाट्यांचा इफ

एका तरुण प्रोग्रामरचा प्रश्न आहे. कामावर त्याच्याकडे एक जुना फोरट्रान प्रोग्राम सांभाळायला आला आहे. पानोपानी आकड्यांची लेबलं, जिकडेतिकडे गो टू, म्हणजे 'अमक्या ओळीवर जा', आणि एकेका इफपुढे, म्हणजे 'जर'च्या वाक्यापुढे, तीन-तीन आकडे. तो विचारतो, एवढ्या तुटपुंज्या साधनांवर खरोखर मोठी कामं होत होती का? आणि त्या काळातली माणसं या भाषांबद्दल इतक्या मायेने का बोलतात? ती नुसती तरुणपणाची आठवण, की त्या भाषांत खरंच काही होतं?

कामं होत होती, आणि मोठी होत होती. मी फोरट्रानची चौथी आवृत्ती, फोरट्रान ४, पंचकार्डांवर शिकले. पुढे बरीच वर्षं अभियांत्रिकी गणनेचे प्रोग्राम लिहिले आणि त्याहून जास्त वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेले सांभाळले. त्या जुन्या सामानातलं बरंचसं मोडीत निघालं ते चांगलंच झालं, असं माझं मत आहे. पण एक गोष्ट गेल्याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि ती नेमकी तुम्हाला विचित्र वाटलेली आहे: तीन आकड्यांचा इफ. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आयबीएमच्या ७०४ या यंत्रासाठी जॉन बॅकस यांच्या गटाने फोरट्रान १९५७ साली बाहेर आणली. त्या पहिल्या फोरट्रानमध्ये 'पेक्षा लहान', 'पेक्षा मोठा', 'बरोबर' ही चिन्हंच नव्हती. दोन संख्यांची तुलना करायची तर वजाबाकी करायची आणि उत्तराचं चिन्ह बघायचं:

इफ (ए - बी) १०, २०, ३०

उत्तर ऋण आलं तर १० नंबरच्या ओळीवर जा, शून्य आलं तर २० वर, धन आलं तर ३० वर. याला अरिथमेटिक इफ म्हणतात. यात 'नाहीतर' असा शब्द नाही, 'पुढे चालू' अशी सोयही नाही. तिन्ही फाट्यांचे पत्ते लिहिल्याशिवाय वाक्य पूर्ण होत नाही.

अभियांत्रिकीच्या वर्गात फोरट्रान शिकलेल्या कितीतरी जणांचा सुरुवातीचा प्रोग्राम वर्गसमीकरणाचा असे. त्यात विवेचक काढायचा, म्हणजे बी वर्ग वजा चार एसी, आणि त्यावर हा इफ लावायचा. विवेचक ऋण असेल तर मुळं काल्पनिक, शून्य असेल तर दोन्ही समान, धन असेल तर दोन वेगवेगळी वास्तव मुळं. गणितातच तीन प्रसंग आहेत आणि भाषेतही तीनच फाटे आहेत. समीकरणाचं मूळ अंतर निम्मं निम्मं करत शोधायचं असेल तरी तेच. मधल्या बिंदूवर फलाची किंमत ऋण आली तर एक टोक सरकवा, धन आली तर दुसरं, आणि शून्य आली तर मूळ सापडलं, थांबा.

आज तुम्ही 'एक्स शून्यापेक्षा लहान असेल तर हे, नाहीतर ते' असं लिहिता तेव्हा शून्य गुपचूप 'नाहीतर'मध्ये जाऊन बसतं. कुणी त्याला तिथे बसवलेलं नसतं. लिहिणाऱ्याने शून्याचा विचार केला होता की नाही, हे कोड वाचून कळत नाही. तीन फाट्यांच्या इफमध्ये ही पळवाट नव्हती. शून्य आणि धन एकाच ठिकाणी न्यायचे असतील तर '१०, ३०, ३०' असं तोच आकडा हाताने दोनदा लिहावा लागे. तो दुसऱ्यांदा लिहिलेला ३० म्हणजे लिहिणाऱ्याची सही होती: बरोबरीच्या प्रसंगाचा मी विचार केला आहे आणि तो इथे जावा असं मी ठरवलं आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा प्रोग्राम वाचताना ही सही मला अजूनही उपयोगी पडते.

ही रचना आली यंत्राच्या पोटातून. ७०४ च्या संचयकात, म्हणजे अॅक्युम्युलेटरमध्ये, चिन्हाचा वेगळा बिट होता. 'ऋण असेल तर उडी मार', 'शून्य असेल तर उडी मार' अशा सूचना यंत्रात होत्याच. फोरट्रानने त्या एका ओळीत बांधून दिल्या. त्या पहिल्या भाषेत यंत्र असं ठिकठिकाणी उघडं दिसतं. ७०४ च्या पुढच्या पॅनेलवर सहा खटके होते, सेन्स स्विच म्हणत त्यांना. फोरट्रानमध्ये 'इफ (सेन्स स्विच २) १०, २०' असं चक्क वाक्य होतं. ऑपरेटरने दोन नंबरचा खटका दाबला आहे का ते बघायचं आणि त्याप्रमाणे वाट धरायची. मधली उत्तरं छापून हवीत की नकोत, हे प्रोग्राम चालू असताना माणूस खटक्याने सांगत असे.

त्याच भाषेत फ्रीक्वेन्सी नावाचं एक वाक्य होतं, आणि ते मला फार आवडतं. तीन फाट्यांपैकी कुठल्या फाट्याने साधारण किती वेळा जाणं होईल, याचा अंदाज प्रोग्रामरने कंपायलरला, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्याला, द्यायचा. कंपायलर त्या अंदाजांवरून प्रोग्रामची लुटुपुटूची फेरी मारून बघे, मोन्टे कार्लो म्हणजे यादृच्छिक आकड्यांच्या पद्धतीने, आणि सर्वांत जास्त वेळा चालणारे भाग कोणते ते ठरवी. कारण ७०४ मध्ये इंडेक्स रजिस्टर, म्हणजे मोजणी ठेवायच्या झटपट जागा, फक्त तीन होते आणि ते वर्दळीच्या भागांना मिळायला हवे होते. हा विश्लेषणाचा भाग लिहिला लोइस हैट यांनी. १९५७ च्या आधी, शिकायला पुस्तक नाही, नक्कल करायला दुसरा तसा कंपायलर नाही, अशा वेळी एवढी दूरदृष्टी! पुढे ते वाक्य भाषेतून गळलं, कारण माणसाच्या अंदाजाचा म्हणावा तसा फायदा दिसेना. पण विचार गेला नाही. आजचे कंपायलर प्रोग्राम प्रत्यक्ष चालवून वर्दळ मोजतात, आणि सी प्लस प्लसमध्ये २०२० पासून 'लाइकली' अशी खूण करता येते. वंश तोच.

आता कार्डांबद्दल, कारण त्याशिवाय ही मोकळी लेबलं माणसं कशी सांभाळत ते कळणार नाही. कार्डाला ८० स्तंभ. पहिले पाच लेबलासाठी, सहावा मागची ओळ पुढे चालू असल्याची खूण, सात ते बाहत्तर प्रत्यक्ष वाक्य आणि शेवटचे आठ अनुक्रमांकासाठी. ही ७२ ची मर्यादा कुठून आली, तर ७०४ चा कार्डरीडर एका आडव्या रांगेतून ३६ बिटांचे दोन शब्द वाचत असे. दोन्ही मिळून बाहत्तर. ते यंत्र भंगारात गेल्यानंतरही कित्येक दशकं जगभरचे लोक ७३ व्या स्तंभात अक्षर गेलं म्हणून अडखळत राहिले. तुमच्या हातातल्या फाइलमध्येही हीच आखणी असणार.

आपल्याकडे १९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० आला आणि १९६४ मध्ये मुंबईत टीआयएफआरला, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, सीडीसी ३६०० आला. नंतरच्या काळात आम्ही शिकलो तेव्हाही पद्धत तीच होती: यंत्र लांब, काचेपलीकडे, आणि आपण खिडकीवर डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, जमा करणारे. कोडिंग शीटवर पेन्सिलीने एकेका चौकटीत एकेक अक्षर लिहायचं, कार्डं पंच करायची, रबरबँड लावायचं, गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर मार्करने तिरकी रेघ ओढायची. गठ्ठा सांडला तर त्या रेघेवरून क्रम लावता येई. उत्तर दुसऱ्या दिवशी मिळे, तेही लाइन प्रिंटरच्या रुंद कागदावर. एक स्वल्पविराम चुकला की अख्खा दिवस गेला. त्यामुळे डेक द्यायच्या आधी ड्राय रन करायचा, हा आमचा सगळ्यांचा नेम होता. कागदावर चलांचे रकाने आखायचे आणि स्वतः यंत्र होऊन एकेक ओळ चालवायची. 'आता आय चार झाला, ए वजा बी ऋण आलं, म्हणजे मी १० वर गेले.'

आणि त्याआधी फ्लोचार्ट. प्लास्टिकच्या हिरवट स्टेन्सिलमधून काढलेला निर्णयाचा तो चौकट-आकाराचा हिरा आठवा. त्याला चार कोपरे असतात. एकातून आत यायचं, उरले तीन: लहान, बरोबर, मोठा. तीन फाट्यांचा इफ आणि तो हिरा एकमेकांसाठीच बनल्यासारखे होते. चित्रातला हिरा जसाच्या तसा कार्डावर उतरत असे. मला वाटतं, आमच्या पिढीला जी माया वाटते तिचं मूळ इथे आहे. कागदावरचं चित्र, कार्डावरची ओळ आणि यंत्रातली उडी, तिन्ही एकच होती, मध्ये काही लपलेलं नव्हतं.

हे झालं कौतुक. पण तुम्हाला हा प्रोग्राम सांभाळायचा आहे, म्हणून बाकीचंही सांगायला हवं.

डू लूपपासून सुरुवात करा. 'डू ५० आय = १, एन' म्हणजे इथपासून ५० नंबरच्या ओळीपर्यंत आवर्तन. एन शून्य असेल तर? आज बहुतेक भाषांत असा लूप एकदाही चालणार नाही. पण जुन्या बहुतेक कंपायलरांमध्ये तपासणी लूपच्या तळाशी होत असे, त्यामुळे आतला भाग एकदा तरी चालायचाच. १९६६ च्या फोरट्रानच्या प्रमाणकाने हा प्रसंग नियमबाह्य मानला होता, आणि 'शून्य फेऱ्याही चालतील' हे फोरट्रान ७७ ने स्पष्ट केलं. म्हणून जुन्या कोडमध्ये डूच्या आधी बऱ्याचदा 'इफ (एन) ६०, ६०, ४०' अशी राखणदार ओळ दिसते. ती निरुपयोगी वाटली तरी तिच्याकडे नीट बघा. आणि जिथे ती नाही तिथे जास्त नीट बघा, कारण लिहिणाऱ्याने ती एक हमखास फेरी गृहीत धरलेली असू शकते. म्हणूनच पुढच्या अनेक कंपायलरांनी जुनी वागणूक परत आणणारा 'वनट्रिप' नावाचा पर्याय दिला.

दुसरं, फोरट्रान मोकळ्या जागा मोजत नसे. 'डू १० आय = १, १०' मध्ये स्वल्पविरामाऐवजी बिंदू पडला तर कंपायलरला तो लूप दिसतच नाही. 'डू१०आय' नावाच्या चलात एक पूर्णांक एक दशांश ही किंमत भरायची, असं तो समजतो आणि तक्रारही करत नाही, कारण चल आधी जाहीर करायचं बंधन नव्हतं. या एका बिंदूने मरिनर १ हे यान गमावलं अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ती खरी नाही. असा बिंदू नासात सापडला होता, पण तो मर्क्युरी प्रकल्पाच्या काळातल्या कक्षेच्या गणनेत, आणि वेळीच. जुलै १९६२ मध्ये मरिनर १ गेलं ते मार्गदर्शनाच्या समीकरणातल्या एका चिन्हावरची आडवी रेघ उतरवताना राहून गेल्यामुळे.

असाइन्ड गो टू मात्र मला कधीच आवडला नाही. 'असाइन ३० टू एल' असं एकीकडे म्हणायचं आणि दुसरीकडे 'गो टू एल'. एलमध्ये शेवटचं लेबल कुणी भरलं ते शोधत सगळा प्रोग्राम पालथा घालावा लागतो. व्यापारी कामांसाठीच्या कोबोल भाषेतला ऑल्टर त्याहून वाईट. तिथे एक परिच्छेद दुसऱ्या परिच्छेदातला गो टूच बदलून टाकतो, म्हणजे छापील लिस्टिंगवर एक पत्ता आणि प्रत्यक्षात दुसराच. वाचणाऱ्याच्या डोळ्यांवरचा विश्वास उडवणारी रचना कितीही जुनी असली तरी तिच्याबद्दल मला ममत्व नाही.

अर्थात तीही आकाशातून पडलेली नाही. केंब्रिजचा एडसॅक हा संगणक १९४९ मध्ये चालू झाला तेव्हा त्यात अट असलेल्या दोनच उड्या होत्या. संचयक ऋण असेल तर, आणि ऋण नसेल तर. सबरूटीनमधून, म्हणजे पुन्हा पुन्हा बोलावता येणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्यातून, परत कुठे जायचं हे लक्षात ठेवायची सोय यंत्रात नव्हती. डेव्हिड व्हीलर यांनी तोड काढली: सबरूटीनने आपल्याच शेवटच्या सूचनेत परतीचा पत्ता लिहून ठेवायचा, म्हणजे स्वतःलाच दुरुस्त करून घ्यायचं. दुसरा मार्गच नसताना शोधलेली ती युक्ती विलक्षण होती. ऑल्टर त्याच कुळातला, पण तोपर्यंत तशी गरज उरली नव्हती.

या सगळ्याला वळण लागलं ते १९६८ च्या मार्चमध्ये, डच संगणकशास्त्रज्ञ डाइकस्ट्रा यांच्या गो टूविरुद्धच्या पत्राने. त्या पत्राचं गाजलेलं शीर्षक त्यांचं नव्हे, संपादक निकलाउस विर्थ यांनी दिलेलं. लोक शीर्षकावर भांडतात, आतला युक्तिवाद फार कमी जण वाचतात. तो असा, की प्रोग्राम कागदावर स्थिर असतो आणि तो चालणं काळात घडतं. आपली बुद्धी स्थिर गोष्टी चांगल्या पकडते, म्हणून कागदावरची जागा आणि काळातली जागा शक्य तितकी जुळायला हवी. मोकाट गो टूने ती जुळणी तुटते. मला हा युक्तिवाद पूर्ण पटतो. आमचा ड्राय रन म्हणजे तीच जुळणी हाताने करणं होतं, आणि दोन-चारशे कार्डांपलीकडे ती हाताने होत नाही.

माझं दुःख एवढंच, की गो टूबरोबर तीन फाट्यांची कल्पनाही गेली. गो टू वाईट, अरिथमेटिक इफमध्ये आकड्यांच्या उड्या, म्हणून तोही वाईट, असा हिशेब झाला. दोन फाट्यांची रीत मुळात दुसरीकडून आली. जॉन मॅकार्थी १९५७-५८ च्या सुमारास फोरट्रानमध्ये बुद्धिबळाच्या चाली लिहीत होते आणि त्यांना तो इफ अवजड वाटला. त्यांनी एक फंक्शन केलं, अटीप्रमाणे दोनांपैकी एक किंमत देणारं. त्यात अडचण अशी, की नको असलेली किंमतही आधी काढली जाई. ती दूर करताना सशर्त पदावली, म्हणजे अट बघून हवी तेवढीच किंमत काढणारी रचना, जन्मली, त्यांच्या लिस्प भाषेत आली आणि अल्गोल ६० या भाषेच्या 'इफ-देन-एल्स'मध्येही. फोरट्रानला ब्लॉक इफ, म्हणजे लेबलांशिवायचा 'इफ-देन-एल्स', मिळायला फोरट्रान ७७ उजाडावं लागलं.

बेसिकबद्दल थोडक्यात, कारण इथल्या अनेकांची पहिली भाषा तीच. डार्टमाउथला १९६४ मध्ये केमेनी आणि कुर्ट्झ यांनी केली. प्रत्येक ओळीला नंबर, इफ दोन फाट्यांचा. आपल्या शाळांत १९८४ नंतर क्लास या संगणक साक्षरतेच्या सरकारी प्रकल्पात बीबीसी मायक्रो हे संगणक आले, त्यांच्या बेसिकमध्ये रिपीट-अनटिल आणि नावाच्या प्रोसीजरही होत्या. म्हणजे त्या मुलांना गो टूशिवायची वाट पहिल्यापासून खुली होती.

ज्यांनी इंजिनिअरिंगला ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचं किट वापरलं, त्यांना मात्र माझं म्हणणं लगेच कळेल. 'सीएमपी बी' ही तुलनेची सूचना दिली की यंत्रातल्या एक-एक बिटाच्या खुणा, म्हणजे फ्लॅग, बदलतात: कॅरी फ्लॅग लागला तर ए लहान, झीरो फ्लॅग लागला तर बरोबर, दोन्ही नाहीत तर मोठा. पुन्हा तीन फाटे. आणि रजिस्टर-जोडी एकने कमी करणारी डीसीएक्स कुठलाच फ्लॅग हलवत नाही, म्हणून सोळा बिटांच्या मोजणीसाठी बीमधलं एमध्ये आणून सीशी ओआरए करावं लागे, म्हणजे दोन्ही शून्य आहेत का ते कळे, मग जेएनझेड, म्हणजे 'शून्य नसेल तर उडी'. हेक्साडेसिमल कीपॅडवर हे बोटांनी भरलेला माणूस 'लूप म्हणजे काय' हे विसरत नाही.

तीन फाट्यांचा इफ आजही पुरेसा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. एक तर अपूर्णांकांच्या गणनेत उत्तर नेमकं शून्य येणं ही विरळ गोष्ट. मधला फाटा नुसता लिहिलेला असतो, तिथे कुणी पोहोचत नाही. म्हणून समजूतदार माणसं वजाबाकीच्या निरपेक्ष किमतीतून एक छोटी सहनसीमा वजा करून त्यावर इफ लावत. दुसरं, पूर्णांकांची वजाबाकीच मर्यादेबाहेर गेली तर चिन्ह उलटतं आणि वाट चुकते. हीच चूक आज जावात किंवा सीमध्ये क्रम लावण्यासाठी तुलनेचं फंक्शन लिहिताना 'ए वजा बी परत कर' असं लिहिणारे करतात. तिसरी अडचण सर्वांत खोल. १९८५ च्या आयईईई ७५४ प्रमाणकाने 'संख्या नाही' अशी एक किंमत आणली, नॅन. ती ऋणही नाही, शून्यही नाही, धनही नाही. तीन फाट्यांत तिला रस्ताच नाही. सी प्लस प्लसमध्ये २०२० साली तीन बाजूंची तुलना करणारं चिन्ह आलं, तेव्हा मला फार आनंद झाला. त्यांनी अपूर्णांकांसाठी चौथं उत्तरही ठेवलं आहे: 'तुलना होत नाही'. साठ वर्षांनी तो हिरा परत आला आणि सोबत हरवलेला कोपरा घेऊन आला.

फोरट्रानने मात्र अरिथमेटिक इफ फोरट्रान ९० मध्ये कालबाह्य ठरवला आणि २०१८ च्या प्रमाणकातून काढून टाकला. जीफोरट्रान हा आजचा कंपायलर तो अजून इशारा देऊन चालवतो, म्हणून तुमचा प्रोग्राम आज तरी उठेल.

तो नव्या रूपात आणायचा असेल तर आधी प्रत्येक लेबलापुढे त्याच्याकडे कुठून कुठून उड्या येतात ते कागदावर लिहा. एकाच ठिकाणाहून उडी येणारी लेबलं पहिल्यांदा सोडवा, ती सोपी असतात. अरिथमेटिक इफ बदलताना 'इफ, एल्स इफ, एल्स' असे तिन्ही भाग लिहा, दोन फाटे सारखे असले तरी. मग दोन एकत्र करावेसे वाटले तर शून्य कुणाबरोबर गेलं याची एका ओळीची टीप ठेवा. शेवटच्या 'एल्स'मध्ये नॅन येऊन पडू शकतो, म्हणून ती तपासणी सगळ्यांच्या आधी वेगळी घाला. आणि हात लावण्यापूर्वी जुन्या प्रोग्रामची उत्तरं साठवून ठेवा, विशेषतः एन शून्य असतानाची, एन एक असतानाची आणि दोन संख्या अगदी सारख्या असतानाची. जुने आणि नवे वेगळे पडले, तर बहुतेक वेळा ते याच तीन ठिकाणी पडतात.